चुन्याचे तीन ठिपके

पळसदरीत कुणी भिवाजीचं घर विचारलं, तर लोक आधी डोकं खाजवत. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडे. "धवलारणीचा नवरा का? मग तसं सांगाल का नाय!" आणि पाहुण्याला थेट दारापर्यंत सोडून येत.

धवलारीण म्हणजे गोदूबाई. लग्नघरी हळद दळण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत ज्या गाण्यांवाचून काहीच पुढे सरकत नाही, ते धवले म्हणणारी बाई. भटजी उशिरा आला तर लोक विड्या ओढत वाट बघत. गोदूबाई उशिरा आली तर मात्र नवरीचा बाप घामाघूम होऊन रस्त्यावर येऊन उभा राही. आवाज असा, की खालच्या आळीत तिने सूर लावला की तळ्यापलीकडची गुरं चरायचं सोडून माना वर करत.

आणि भिवाजी? भिवाजीकडे दोन म्हशी होत्या, एक कावड होती आणि भरपूर सहनशक्ती होती. रोज सकाळी तो दुधाची कावड घेऊन कर्जतच्या रेल्वे क्वार्टरांत जाई. लग्नसराईत कावडीची जागा बायकोचं सामान घेई: तिची पानाची चंची, शाल, पाण्याचा तांब्या. मांडवापर्यंत हे सगळं वाहून न्यायचं, गोदूबाईच्या स्वाधीन करायचं, आणि आपण मांडवामागे चुलाणापाशी पुरुषांत जाऊन बसायचं. बायकांच्या घोळक्यात पुरुषाचं काय काम?

त्यामुळे झालं असं, की लग्नाला वीस वर्षं उलटली तरी आपली बायको गाताना दिसते कशी, हे भिवाजीला ठाऊक नव्हतं. त्याने तिला शेकडो वेळा ऐकलं होतं, पण ते नेहमी पाठीमागून, डोळ्यांत धूर घेऊन, डाळीच्या फोडणीतून. एकदा तरी तिच्या शेजारी बसावं, अशी त्याची फार इच्छा होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर वाल्मिक सुताराने ती संध्याकाळपर्यंत कर्जत स्टेशनावर पोचवली असती.

शेजारी बसायला काहीतरी कला हवी. गळा तर भिवाजीला देवाने दिला नव्हता. तो धार काढताना गुणगुणला की म्हैस पान्हा चोरायची.

पण मग सुंदरा पनवेलला गेली.

सुंदरा ही गोदूबाईची जोडीदारीण. धवला एकटीने म्हणायचा नसतो. एकीने ओळ म्हणायची आणि ती श्वास घेईपर्यंत दुसरीने सूर धरून ठेवायचा. गाण्याचा पाय म्हणून जमिनीला टेकू द्यायचा नाही. सुंदराच्या मुलाला पनवेलला नोकरी लागली, तो आईला घेऊन गेला आणि गोदूबाई एकटी पडली. ओळ संपवून पुढची ओळ धरायच्या घाईत ती जेमतेम अर्धा श्वास घेई. लग्नाहून घरी आली की गळ्याला फडकं गुंडाळून बसे आणि हळद घातलेलं दूध पीत राही. तिने दुसऱ्या बायका जोडीला घेऊन पाहिल्या. तिची भावजय भागूबाई हिचा सूर चांगला होता, पण तिला सूर धरून बसणं जमेना. मध्येच कुणाला तरी ओरडायचं राहिलेलं असे. "गोदूबाईचा सूर धर" म्हटलं की ती दोन क्षण धरायची आणि तिसऱ्या क्षणी "मेल्यांनो, चपला आत कशाला आणल्या!" असा तोच सूर उंच न्यायची.

अशी सगळी परिस्थिती असताना देश स्वतंत्र झाला, आणि त्या साली दिवाळीनंतर कर्जतच्या क्वार्टरांतले गार्ड रॉबर्टसाहेब बायकोमुलांसह बोटीने विलायतेला निघाले.

भिवाजी त्यांचा जुना दूधवाला. निरोपाच्या दिवशी त्याचा डोळा साहेबांच्या जाळीच्या कपाटावर होता. त्यात दूध ठेवलं तर मांजराची काय बिशाद! पण ते कपाट कुणीतरी आधीच हलवलं होतं. साहेबांनी आतून एक गिटार आणली आणि भिवाजीच्या हातात ठेवली.

"भीवा," साहेब म्हणाले, "तुम हमको दस बरस पानी पिलाया. हम तुमको गाना देता."

भिवाजीने जीभ चावली. दुधात पळसदरीचं तळं किती असे, हे साहेबाला पहिल्यापासून माहीत होतं तर! साहेबांनी त्याच्या डाव्या हाताचं बोट धरून गिटारीच्या मानेवर तारेवर दाबलं, उजव्या हाताने तार छेडायला लावली, आणि बोट पोटाकडे सरकवलं की सूर वर चढतो हे दाखवलं. एवढ्यात टांग्यातून मडमेने अशी हाक मारली की साहेबांचं शिकवणं तिथेच संपलं. भिवाजीचं संगीताचं सारं शिक्षण ते एवढंच.

तो घरी आला तेव्हा गोदूबाई दारात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून त्या वस्तूला खालवर न्याहाळलं.

"ही कोन आनली?"

"गिटार म्हंत्यात हिला. साहेबानं दिली."

"मान हाय, कंबर हाय, पोट बी हाय. तोंड तेवढं नाय. तुमाला अशीच बायको पायजे व्हती!" ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

भिवाजीने सवतीला गोठ्यात नेलं.

तीन तारा तुटलेल्या होत्या, तीन शाबूत होत्या. त्यांतल्या एकीवर बोट दाबून तो वर-खाली सरकवत राहिला. म्हशींनी पहिले काही दिवस दूध कमी दिलं, मग सवय करून घेतली. आणि एके सकाळी त्याच्या बोटाखालून अचानक असा सूर निघाला की तो दचकून उभा राहिला. सुंदराचा सूर! गोदूबाईने श्वास घेताना सुंदरा जो धरून ठेवायची, अगदी तोच. भिवाजी आनंदाने म्हशीच्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो सूर सापडेना.

गिटारीच्या मानेवर पितळेच्या आडव्या पट्ट्या होत्या. घाटातल्या रुळांखालचे स्लीपर जसे एकासारखे एक, तशा त्या. कालची जागा नेमकी कुठल्या दोन पट्ट्यांमध्ये होती? संध्याकाळपर्यंत शोधून सापडे, सकाळी पुन्हा हरवे. सासरवाडीत चुकलेल्या जावयासारखं त्याचं बोट त्या मानेवर इकडून तिकडे फिरे.

शेवटी त्याने डोकं चालवलं. कनवटीची चुन्याची डबी काढली, आणि सूर सापडला तेव्हाच मानेच्या वरच्या कडेला चुन्याचा ठिपका दिला. गिटार मांडीवर घेतली की तो बरोबर डोळ्यांसमोर येई. मग दुसरा ठिपका, मग तिसरा. पहिला, गोदूबाई गाणं उचलते तिथला. दुसरा, ती वर चढते तिथला. तिसरा पोटाजवळचा, ती श्वास घेते तेव्हा धरायचा. चुना घामाने पुसला जाई, तो पुन्हा लावी. तंबाखूपेक्षा गिटारीलाच चुना जास्त लागायला लागला.

आता चुकायचं कारण नव्हतं. बोट ठिपक्यावर गेलं की सूर हजर. फक्त मान वर करायची सोय नव्हती. दाण्यांवर नजर ठेवलेल्या कोंबडीसारखा तो ठिपक्यांवर वाकून बसे. वाल्मिक सुतार एकदा गोठ्याच्या दाराशी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला.

"भिवा, त्या मानंत काय हरवलंय रं तुझं?"

"सूर."

"मग सापडला का?"

"सापडला की. ह्यो बघ." भिवाजीने दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

वाल्मिकने कान पुढे केला. "सापडला खरा," तो गंभीरपणे म्हणाला, "पन ज्याचा हाय त्याला परत देऊन ये. रडतंय ते."

फाल्गुनातली गोष्ट. गोदूबाई अंगणात भांडी घासत होती आणि स्वतःशीच एक धवला म्हणत होती. ओळ संपली. तिने सवयीने घाईचा अर्धा श्वास घेतला, आणि तेवढ्यात गोठ्यातून सूर आला. जाडाभरडा होता, थोडा घोगरा होता, पण जागेवर होता. गोदूबाईने पुढची ओळ म्हटली. पुन्हा श्वासाची जागा आली, पुन्हा सूर आला. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम पोटभर श्वास घेतला. सूर थांबला नाही. मग ती राखेचे हात तसेच कमरेवर ठेवून गोठ्याच्या दारात आली.

भिवाजी ठिपक्यांवर वाकलेलाच होता. त्याला वाटलं, वाल्मिक आला. "जा रं, डोकं नको खाऊ," तो म्हणाला.

"कुनाचं?" गोदूबाई म्हणाली.

भिवाजीच्या हातातून गिटार शेणात पडता पडता वाचली. मग त्याने धीर केला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. "सुंदरा नाय तर मी बसतो की तुझ्या शेजारी."

गोदूबाईने हातांची राख झटकली. ती हसली असती तर भिवाजीला सोसलं असतं, पण ती हसली नाही.

"एक गाणं," ती म्हणाली. "सोमीच्या हळदीला. एकच. माझ्या माहेरचं कार्य हाय, तिथं माझं हसं झालं तर ही माळ्यावर जाईल, आनि तुमी मागं चुलानापाशी. जलमभर."

"आनि जमलं तर?"

"जमू तर द्या आदी!"

सोमी ही गोदूबाईची भाची, भागूबाईची मुलगी. गोदूबाईचं माहेर त्याच गावात, वरच्या आळीत. इतकं जवळ, की नवऱ्यावर रुसून ती माहेरी गेली तरी चुलीवरचं दूध उतू जायच्या आत परत येई. म्हणजे सोमीच्या मांडवात जे होईल ते दोन्ही आळ्या बघणार होत्या, आणि बघितलेलं विसरायची सवय कुठल्याच आळीला नव्हती.

वैशाखातलं लग्न, नवरा शेलूचा. रॉकेल रेशनवर, त्यामुळे गॅसबत्तीची चैन नको म्हणून हळद दुपारीच धरली. भिवाजीने धुवट धोतर नेसलं, काळी टोपी घातली आणि गिटारीच्या मानेवर चुन्याचे ताजे, टपोरे तीन ठिपके दिले. मांडवात शिरताच चुलाणाकडून आरोळी आली, "भिवा, वाट चुकलास का रं? इकडं, इकडं!" तो तिकडे न बघता पुढे गेला आणि गोदूबाईच्या शेजारी चटईच्या कडेवर टेकला. सगळ्या मांडवात बायका, आणि मध्ये हा एकटा मिशीवाला. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पाटावर बसलेली सोमीसुद्धा नवरीपण विसरून खुदखुदली.

सोमीला हळद लागली. आंब्याच्या पानाने, हलक्या हाताने, रीतसर. पण आमच्या भागातली हळद रीतसर संपत नाही. नवरीला लावून झाली की उरलेली करवलीला, मग मामीला, मग जी सापडेल तिला. तेलात कालवलेली परात घेऊन भागूबाई फिरत होती. फिरत फिरत ती भिवाजीपुढे आली. नणंदेच्या नवऱ्याच्या अंगाला हात लावायला ती जरा संकोचली. मग तिची नजर खाली गिटारीवर गेली.

"अगं बाई! ही नवी करवली कोरडीच बसलीय की!" ती ओरडली. "हिला नको का हळद?"

भिवाजीने "हां हां, अवो वयनी—" एवढं म्हणेपर्यंत भागूबाईचा भरलेला पंजा गिटारीच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत फिरला होता.

हळदीला चुना लागला की काय होतं, हे घरी कुंकू करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. तीन पांढरे ठिपके बघता बघता लाल झाले, तेलाबरोबर पसरले, एकमेकांना जाऊन मिळाले. भिवाजीने घाबरून धोतराच्या सोग्याने पुसलं. लाली पुऱ्या मानेवर चढली आणि सोगाही लाल झाला.

"रगत!" कुणीतरी किंचाळली.

"अरं, भिवाचं बोट तुटलं!" चुलाणाकडून डोकावलेला वाल्मिक ओरडला. "मी म्हनलं नव्हतं का!"

"गप रं. रगत नाय, कुंकू झालंय कुंकू!" एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली. "सोन्यासारखा शकुन हाय." आणि तो शकुन आणखी पक्का व्हावा म्हणून तिने स्वतःची चिमूटभर हळद त्यावर चोळली. मग काय विचारता! शकुन कुणाला नको असतो? चार-सहा हात आणखी आले. भिवाजी गिटारीच्या लाल मानेकडे बघत राहिला. तिच्यावर आता एकही खूण उरली नव्हती. सगळीकडे जागाच जागा होती, आणि त्याची एकही नव्हती.

"अगं—" तो कुजबुजला. "ठिपकं गेलं."

गोदूबाईने ऐकलं की नाही कोण जाणे. हळद लागल्यावरच्या धवल्याची वेळ झाली होती. तिने कानावर हात ठेवला आणि सूर लावला.

*हळद दळली गो अंगनी, जातं पिवळं झालं...*

भिवाजीने अंदाजाने बोट टेकवलं आणि तार छेडली. म्हशीने लाथ मारून बादली उडवावी तसा आवाज निघाला. मांडवभर हशा पिकला. त्याचं बोट तेलात घसरलं, दुसरीकडे टेकलं, तिथेही बादलीच. चुलाणाजवळची त्याची जुनी जागा धुरासकट त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ओळ संपत आली होती. आता गोदूबाई श्वास घेणार, आणि तिथे भोक पडणार, दोन्ही आळ्यांच्या देखत.

मानेकडे बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने दुसरीकडे बघितलं. शेजारीच तर ती होती.

गाताना गोदूबाई अशी दिसत होती! डोळे अर्धे मिटलेले. सूर वर निघाला की हनुवटी आधी वर जाई, आणि मांडीवरचा पंजा हवेत कशावर तरी टेकल्यासारखा उचलला जाई. सूर उतरला की पंजाही उतरे. भिवाजीचं बोट नकळत त्या पंजाच्या मागोमाग निघालं. तारेवरून खाली, पोटाकडे. बोटाला पट्ट्या लागत होत्या. एक पट्टी, उतार, पुढची पट्टी. आणि गंमत म्हणजे पट्ट्या एकासारख्या एक नव्हत्याच. पोटाकडे जावं तसतशी त्यांच्यातली अंतरं आवळत होती. इतके महिने डोळे ठिपक्यांना चिकटलेले, तेव्हा बोटाला कुणी विचारलंच नव्हतं. तेलाने तर काम आणखीच सोपं केलं होतं. बोट लोण्यासारखं सरकत होतं.

गोदूबाईची ओळ संपली. पण ती श्वासाला थांबली नाही. 'झालं'मधला शेवटचा सूर तिने सोडलाच नाही. तो तिने तसाच लांबवला, धरून ठेवला, चेहरा लाल होईपर्यंत. बायकांना वाटलं, ही कुठली तरी नवी लकब आहे. लकब कसली! अंधारात येणाऱ्या माणसासाठी दार धरून उभं राहावं, तशी ती उभी होती.

भिवाजीच्या बोटाने एक पट्टी ओलांडली. आणखी एक. त्याने दाबलं, छेडलं, आणि दोन सूर एकमेकांत असे मिसळले की तार कुठली आणि बाई कुठली हे कळेना.

तेव्हा गोदूबाईने गाणं त्याच्या हातात सोडलं आणि श्वास घेतला. पोटभर, खांदे वर उचलून, सुंदरा गेल्यापासून मांडवात पहिल्यांदाच. भिवाजी तार छेडत राहिला. सूर घोगरा होता, मांडवाच्या मेढीएवढा जाड होता, पण उभा होता. ती पुढची ओळ घेऊन परतली, तेव्हा तिचा आवाज तळ्यापलीकडे गेला असेल असा निघाला. चुलाणाकडची बडबड बंद पडली. भागूबाई हातातली परात विसरून बसली, आणि संबंध गाणं होईपर्यंत कुणालाही ओरडली नाही, हे वरच्या आळीत पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते.

मधल्या दोन ओळींत भिवाजी चुकला. एकदा एक पट्टी आधीच थांबला, एकदा पुढे गेला. पण चुकल्यावर त्याने मान खाली घातली नाही. बायकोच्या हनुवटीकडे बघत तो सरकत सरकत जागेवर आला.

गाणं संपलं. ज्या म्हातारीने शकुन केला होता, तिने सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. नवऱ्यामुलाकडून हळद घेऊन आलेली शेलूची एक बाई पुढे सरकली. "धवलारीन बाय, आमच्याकडं नवरी घरात घेताना बी धवलं हायत. तुमी यालच. पन ह्यांना बी आना हो." तिने हनुवटीने भिवाजीकडे खूण केली. भिवाजीने टोपी सारखी केली.

मग तो उठायला लागला. ठरलं होतं एकच गाणं. झालं होतं, बऱ्यापैकी झालं होतं, आता आब राखून मागे जावं. गिटार काखेला मारून तो गुडघ्यावर आला.

"कुठं निगालात?" गोदूबाईने समोर बघतच विचारलं.

"मागं. एकच म्हनली व्हतीस ना."

"चुलानापाशी काय माझी सवत बसलीय?" गोदूबाई म्हणाली. "बसा गप."

भिवाजी बसला. गोदूबाई तांब्यातलं पाणी प्याली, तिने तांब्या त्याच्या हातात दिला, त्याने तो खाली ठेवेपर्यंत थांबली, आणि कानावर हात ठेवून दुसराच धवला सुरू केला. हा त्याने कधी वाजवला नव्हता. ह्याच्या जागा कुठे आहेत, किती आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने लाल मानेवर बोट टेकवलं, तिच्या हनुवटीकडे बघितलं आणि शोधायला निघाला.